सातवी नोंद

आमच्या आजोबांना रांगेत उभं राहता येत नसे. गुडघे दुखत म्हणून नव्हे, सवयच नव्हती. तिकडे, म्हणजे सरहद्दीपलीकडे, त्यांची सतरा गावं होती, चाळीस घोडी होती, आणि रांग लागायची ती त्यांच्या दारापुढे. लोक त्यांना 'सरकार' म्हणत. मग तिकडे राज्य पालटलं, आठवड्याभरात गावं गेली, आणि आजोबा एक ट्रंक आणि नेसते कपडे घेऊन पूल ओलांडून इकडे आले. बरोबर आजी, आमचे बाबा, आई, चार वर्षांचा दादा आणि पाच महिन्यांची मी. शिवाय मोतद्दार.

मोतद्दार म्हणजे घोड्यांची निगा राखणारा. घोडी तिकडेच राहिली होती, पण मालक चालले म्हणून तो निघाला. त्याची बायको वाटेत तापाने गेली. कडेवर सहा महिन्यांची मुलगी उरली. तिला आमच्या आईने माझ्याबरोबर पाजलं. हे कुणी ठरवून केलं नाही. दोघी रडत होत्या आणि दूध एकीकडेच होतं.

पुलाच्या अलीकडच्या टोकाला पत्र्याचं टेबल टाकून एक कारकून निर्वासितांची नोंदवही घेऊन बसला होता. रांग अर्ध्या मैलाची. आजोबांनी रांग पाहिली. मोतद्दार आधीच तिच्यात उभा होता, म्हणजे यांना त्याच्या मागे उभं राहावं लागणार. त्यातून टेबलाजवळ जाऊन पाहिलं तर कारकून खुर्चीवरून उठला नाही. "मी निर्वासित नाही, पाहुणा आहे," असं त्याला सुनावून आजोबा बाजूला जाऊन ट्रंकेवर बसले. संध्याकाळी आजीने विचारलं तेव्हा म्हणाले, "झाली नोंद." त्यांच्या लेखी ते आले हीच नोंद होती.

यातलं मला परवापरवापर्यंत काही माहीत नव्हतं. आमच्या घरात चोपन्न वर्षं कुणालाच माहीत नव्हतं. आणि ही चोपन्न वर्षं आमचं घर कायद्यावर जगलं.

सुरुवात आजोबांनीच केली. छावणीतून बाहेर पडल्यावर ते कोर्टाच्या व्हरांड्यात घडीचं टेबल मांडून लोकांचे अर्ज लिहू लागले. याला अर्जनवीस म्हणतात, पण घरात तो शब्द काढायची सोय नव्हती. आजोबा 'लोकांना सल्ला द्यायला' जात. त्यांनी लिहिलेला पहिला अर्ज 'न्यायाधीशांस आज्ञा करण्यात येते की' असा सुरू झाला होता. हाताला तेवढंच वळण होतं. न्यायाधीश खूप हसले आणि हा कोण माणूस म्हणून बोलावून घेतलं. आजोबांना तीन भाषा येतात हे कळल्यावर त्यांनी त्यांना कोर्टाचा दुभाषी केलं. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. आमच्या पिळाला गिऱ्हाईक मिळालं, एवढंच.

आजोबांची सतरा गावांची सनद ट्रंकेत पडून राहिली आणि बाबांना वकिलीची सनद मिळाली. तिच्या फॉर्मवर नागरिकत्वाचा पुरावा मागितला होता. तिथे त्या न्यायाधीशांनी स्वतःच्या हाताने लिहून दिलं, 'कुटुंब मला परिचित आहे.' तेवढ्यावर भागलं. पुढे पुलावरून आलेल्या अर्ध्या लोकांची कागदपत्रं बाबांनी केली. 'सदर गृहस्थ मला लहानपणापासून माहीत आहेत' असं वाक्य लिहून खाली सही ठोकायची. आमच्या घराण्याचा दाखला कधी कुणी मागितला नाही, कारण दाखले देणारे आम्हीच. दिव्याखाली अंधार असतो तो असा.

दादा तर कायद्यातच लहानाचा मोठा झाला. साखर कुणी खाल्ली याची चौकशी तो सहाव्या वर्षी साक्षीदार तपासून करत असे, आणि एकदा स्वतःविरुद्ध निकाल देऊन कोपऱ्यात उभा राहिला होता. तेविसाव्या वर्षी तो नागरिकत्व कार्यालयात अधिकारी झाला. मग सरकारी वकील, मग जिल्हा न्यायाधीश. त्याचं एक तत्त्व होतं. ओळखीच्या माणसाचं काम आलं तर ते दुप्पट कडक तपासायचं. लोक त्याला भीत आणि मान देत. दोन्हींत फरक आहे हे त्याच्या लक्षात यायला वेळ लागला. मी कायद्याच्या परीक्षेत दोनदा आपटले, टायपिंग शिकले आणि त्याच कोर्टात स्टेनो म्हणून लागले. घराण्यात एक तरी नापास असावा, तेवढाच वारा खेळता राहतो.

मोतद्दाराच्या मुलीला सगळे टाचणी म्हणतात. कोर्टामागच्या गल्लीत ती वकिलांचे काळे गाऊन शिवते. तोंडात कायम चार-पाच टाचण्या, म्हणून टाचणी. तिच्या हातचा गाऊन घातला नाही असा वकील आमच्याकडे सापडणार नाही. पण दुकान तिचं नाही. तिच्या नावावर काहीच होऊ शकत नव्हतं. दुकान नाही, खोली नाही, मत नाही. लग्न एकदा ठरलं होतं, पण लग्नाची नोंद होईना, मग मुलाकडच्यांनी पाय मागे घेतला. कारण एकच. ती तिकडे जन्मलेली आणि नोंदवहीत तिचं नाव नाही. तिकडे जन्मलेल्या माणसाचं नाव त्या नोंदवहीत नसेल, तर तो इकडे चोपन्न वर्षं राहिला तरी कायद्याच्या दृष्टीने नुकताच पूल उतरलेला असतो.

एकोणिसाव्या वर्षी तिने अर्ज केला होता. तो फिरत फिरत ज्या टेबलावर आला ते दादाचं होतं, नोकरीचं पहिलंच वर्ष. ओळखीचं काम, म्हणून त्याने ते दुप्पट कडक तपासलं आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'नोंदवहीत नाव आढळत नाही. अर्ज फेटाळण्यात येत आहे.' त्या दिवशी जेवताना त्याने हे घरात सांगितलं. बाबा शाब्बास म्हणाले. आई पानावरून उठली आणि दोन दिवस दादाशी बोलली नाही. तरी पुढे दादाचे सगळे गाऊन टाचणीनेच शिवले. माप घेताना ती काही बोलत नसे. तोंडात टाचण्या असल्या की ती सोय असते.

यंदा दादाची उच्च न्यायालयावर निवड झाली. पत्र आलं, हारतुरे झाले, बार रूममध्ये पेढे वाटले गेले. पत्राच्या शेवटी बारीक अक्षरात एक ओळ होती. जन्म देशाबाहेरचा असल्यास निर्वासित नोंदवहीतला उतारा पंधरा दिवसांत सादर करावा. हा नियम नवा होता. दादाने पत्र माझ्यापुढे सरकवलं आणि म्हणाला, "तुझी दप्तरखान्यात ओळख आहे. घेऊन ये."

मी चार दिवस दप्तरखान्यात काढले. तिथला कारकून धुळीमुळे तोंडाला रुमाल बांधून बसतो आणि बोलताना तो खाली करतो, त्यामुळे तो बोलणार हे आधी कळतं. चौथ्या दिवशी त्याने रुमाल खाली केला.

"ताई, तुमच्या घराण्याचं नाव सगळीकडे आहे. साक्षीदार म्हणून आहे, दुभाषी म्हणून आहे, वकील म्हणून आहे. नोंदवहीच्या नऊशे कार्डांवर तरी असेल. फक्त आलेल्या माणसांत नाही."

"नीट बघा."

"तीनदा बघितलं."

दादाला सांगितलं तर त्यानेही तेच म्हटलं, नीट बघ. मग स्वतः आला. जिल्हा न्यायाधीश धुळीत उकिडवा बसून रजिस्टरं चाळतोय हे बघायला दारात शिपाई जमले. दुपारपर्यंत त्याचा चेहरा उतरला. तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "आजोबा तर म्हणायचे झाली म्हणून." आपण कोण आहोत हे आजोबांच्या तोंडी शब्दावर धरून चाललो, हे त्याला त्या क्षणी कळलं असावं. एरवी तोंडी शब्दावर त्याने कुणाला पाच मिनिटंही दिली नसती.

मला सुचलं म्हणून मी कारकुनाला मोतद्दाराचं कार्ड काढायला सांगितलं. क्रमांक दोनशे बारा. कार्डाच्या वरच्या कोपऱ्यात छापलं होतं, 'एका चुलीवरची माणसे, जास्तीत जास्त सात.' पहिलं नाव मोतद्दाराचं. खाली चुलता, चुलती, भाऊ, भावजय, पुतण्या वय चार. ही सगळी नावं आमची. सातव्या ओळीत फक्त 'स्त्री, पाच महिने.' नावाचा रकाना कोरा, नात्याचाही कोरा. तान्ह्या मुलांची नावं तेव्हा लिहीत नसत. छावणीतला हिवाळा निघाल्यावर बघू, अशी पद्धत होती.

सतरा गावांचे सरकार म्हणजे मोतद्दाराचे चुलते. मला हसू आवरेना. दादा हसला नाही. तो कार्ड उजेडात धरून पुन्हा पुन्हा वाचत होता, आणि दहा मिनिटांत त्याच्यातला वकील जागा झाला.

"नात्याचा रकाना गौण आहे," तो म्हणाला. "कायद्यात चूल मुख्य. आम्ही एका चुलीवर होतो का? होतो. मग नोंद वैध आहे. फक्त कार्डप्रमुखाने येऊन हयात माणसं ओळखून द्यायची. तू आणि मी."

म्हणजे दादाचं न्यायाधीशपद आता मोतद्दाराच्या बोटावर होतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही गल्लीत गेलो. दुकानावरची एक खोली. खिडकीशी शिलाई मशीन, दोरीवर आठ-दहा गाऊन उलटे टांगलेले, कडेला खाट. मोतद्दार आता ऐंशीच्या घरात आहे. दादाला बघून तो उठायला लागला, दादाने त्याला बसवलं आणि स्वतः स्टुलावर बसला. त्याने सगळी हकिकत क्रमाने सांगितली, जशी कोर्टात सांगतात तशी. मग मोतद्दाराने पुलाजवळची त्याची बाजू सांगितली. ट्रंक, पाहुणा, रांग, सगळं.

"तुम्ही आम्हाला कार्डावर घातलंत हे आजोबांना माहीत होतं का?" दादाने विचारलं.

"कशाला सांगायचं? छावणीच्या फाटकावर शिपायाने कार्ड बघून टोपी सरळ केली. सरकार म्हणाले, बघ, सलाम केला. मी म्हटलं, हो." मोतद्दार जरा हसला. "परवा येतो की मी ओळख पटवायला. किती वाजता यायचं?"

टाचणी मशीनपाशी बसून ऐकत होती. तिने तोंडातल्या टाचण्या काढून एकेक उशीत टोचल्या, उठून आली आणि दादाच्या हातातली कार्डाची नक्कल घेतली. बोट फिरवत तिने ती वाचली.

"ही सातवी कोण?"

तिने कागद बापापुढे धरला.

"बाबा, स्त्री, पाच महिने. ही मी आहे का?"

"नाही," मोतद्दार म्हणाला. "या ताईसाहेब आहेत."

"तुम्ही तर म्हणायचात कारकून विसरला."

"कारकून नाही विसरला. सातच लिहीन म्हणाला. आठवं उद्या आणा. दुसऱ्या दिवशी गेलो तर टेबल उचललेलं."

"मग मला आज लिहायचं आणि हिला उद्यावर ठेवायचं."

"तू बाईसाहेबांच्या दुधावर होतीस. त्या छावणीच्या आत आल्या नसत्या तर तू चार दिवस काढले नसतेस. आणि स्वतःची मुलगी बाहेर टाकून त्या आत कशा येतील? एक मूल कोटाखाली लपवून न्यायचं होतं. आपलं मूल लपवता येतं. दुसऱ्याचं लपवलं आणि सापडलं तर काय तोंड दाखवायचं?"

टाचणीने सातव्या ओळीवरचं बोट उचललं. मग दादाकडे वळली.

"साहेब, तुम्ही लिहिलं होतं, नोंदवहीत नाव आढळत नाही."

"हो."

"बरोबरच लिहिलं होतं."

ती रागाने बोलली असती तर दादाला उत्तर देता आलं असतं. तिने कागद नीट घडी करून परत दिला आणि मशीनवर जाऊन बसली.

इथे मी काही बोलायला हवं होतं. सातवी ओळ कोरी होती, आणि पाच महिन्यांची मुलगी आणि सहा महिन्यांची मुलगी कागदावर सारख्याच दिसतात. ती जागा तू घे, एवढंच म्हणायचं होतं. मी म्हटलं नाही. माझी नोकरीची चार वर्षं उरली होती, सरकारी खोली होती, आणि चोपन्नाव्या वर्षी आपण कुणीच नाही असं सिद्ध करायला निघण्याची मला भीती वाटली. ही गोष्ट माझ्या मोठेपणाची झाली असती, ती तिथेच हुकली. जिना उतरताना मी फक्त दादाला म्हटलं की तिच्यासाठी काही करता येईल का. तो म्हणाला, "नोंदवही बंद झालीये. कायद्यात जागा नाही." त्याने ते आधीच तपासलं होतं.

नोंदणी अधिकारी म्हणजे एक तरुण बाई. तिला सर्दी झाली होती आणि टेबलावर वाफेचं भांडं होतं, ते दादाला बघून तिने घाईने खाली ठेवलं आणि उभी राहिली. मोतद्दार टाचणीच्या हाताला धरून आला. त्याने धुतलेला कोट घातला होता. बाईंनी त्याला खुर्ची दिली, शपथ दिली, आणि कार्ड समोर ठेवलं.

"चुलता, चुलती, भाऊ, भावजय?"

"वारले."

दाखले जोडलेले होते. तिने खुणा केल्या.

"पुतण्या, वय चार?"

मोतद्दाराने दादाकडे बोट केलं. "हे."

बाईंनी दादाकडे बघून अदबीने मान हलवली आणि लिहून घेतलं. "सातवी नोंद. स्त्री, पाच महिने. नाव लिहिलेलं नाही. ही कोण?"

"ही माझी मुलगी," मोतद्दार म्हणाला आणि त्याने टाचणीच्या डोक्यावर हात ठेवला.

टाचणीने मान वर केली. तिला हे माहीत नव्हतं, तिच्या तोंडावरूनच दिसलं. बाईंनी माझ्याकडे पाहिलं.

"आणि या?"

"या आमच्या मालकांच्या घरच्या. यांची नोंद वेगळी असेल."

बाईंच्या हातातला पेन थांबला. ती हुशार होती. तिने कार्ड पाहिलं, मला पाहिलं, टाचणीला पाहिलं. मग नियमाप्रमाणे विचारायचं ते विचारलं, "कुणाची हरकत?" आणि माझ्याकडे बघून थांबली, कारण हरकत असलीच तर पहिली माझी.

"मला काही आठवत नाही," मी म्हटलं. "मी पाच महिन्यांची होते."

हे अक्षरशः खरं होतं. धैर्य म्हणावं तर एवढंच मला झेपलं.

मग बाई दादाकडे वळली. "साहेब, आपली?"

दादा उभा राहिला. कोर्टात हरकत घ्यायची असते तेव्हा वकील उभा राहतो, ती त्याची पस्तीस वर्षांची सवय. त्याला सगळं माहीत होतं. दोन दिवसांपूर्वी त्याच्यासमोरच मोतद्दाराने खरं सांगितलं होतं. आता शपथेवर उलट सांगितलं जात होतं, आणि ते सांगितलं जात होतं एका न्यायाधीशापुढे. तो टेबलाच्या कडेला हात टेकून उभा राहिला. वाफेच्या भांड्यातून खालून वाफ येत होती. टाचणी त्याच्याकडे बघत नव्हती. ती बापाकडे बघत होती.

"हरकत नाही," दादा म्हणाला आणि बसला.

शिक्का मारला गेला. बाईंनी दादाचं आगाऊ अभिनंदन केलं.

बाहेर कॉरिडॉरमध्ये टाचणी पाणी आणायला गेली तेव्हा दादा मोतद्दाराजवळ गेला. "काका, तुम्ही शपथेवर खोटं बोललात."

"हो."

"तुम्ही जन्मात कधी खोटं बोलला नाहीत."

"चोपन्न वर्षं खरंच बोललो, दादासाहेब. त्यात पोरगी राहून गेली."

त्याच दिवशी दुपारी दादाने मला चेंबरमध्ये बोलावून पत्र सांगायला सुरुवात केली. उच्च न्यायालयावरची नेमणूक मी स्वीकारू शकत नाही. मी टाइप करत गेले. तो खिडकीशी उभा राहून एका सुरात सांगत होता. "कारण असे की, आज सकाळी नोंदणी अधिकाऱ्यांपुढे शपथेवर दिलेली साक्ष असत्य असल्याचे मला माहीत असूनही मी हरकत..."

मी हात काढून घेतले.

"लिही," तो म्हणाला.

"हे लिहिलंस तर तिचं कार्ड उद्या रद्द होईल. आणि काकांवर खटला."

"मला माहीत आहे."

"मग?"

तो खुर्चीवर बसला. आपण केलेलं लपवायचं नाही, हा त्याचा सहाव्या वर्षापासूनचा बाणा. कोपऱ्यात उभं राहायचं तर सगळ्यांसमोर उभं राहायचं, का उभे आहोत ते सांगून. मी त्याला तेवढंही करू देत नव्हते.

"मग कारण काय लिहू?" त्याने विचारलं.

"काही लिहू नकोस."

"कारण न देता नेमणूक नाकारली तर लोक काय समजतील कळतंय तुला?"

"कळतंय."

त्याने पत्र ओढून घेतलं, 'कारण असे की' पासून पुढचं खोडलं आणि मला पुन्हा टाइप करायला दिलं. दोन ओळींचं पत्र झालं. त्याने सही केली. आठवड्याने त्याने जिल्हा न्यायालयाची खुर्चीही सोडली. त्यालाही कारण दिलं नाही.

लोक समजायचं ते समजले. कुठेतरी पाणी मुरतंय, असं बार रूममध्ये पहिल्याच दिवशी ठरलं. कुणी म्हणालं एखाद्या निकालात हात ओले केले असतील, कुणी म्हणालं घराण्याचंच काहीतरी बनावट निघालं. बाबांच्या हाताखाली शिकलेले दोन वकील रस्ता ओलांडून पलीकडून जाऊ लागले. आजोबा, बाबा आणि दादा, तिघांनी मिळून जमवलेलं नाव महिन्याभरात मातीला मिळालं. आता दादा घरी असतो. बाबांची पुस्तकं विषयवार लावतो, मग वर्षवार लावतो. माझा नागरिकत्वाचा अर्ज त्याच सर्दीवाल्या बाईंकडे आहे, 'दीर्घ वास्तव्य' या सदरात, जिथून आजवर एकही अर्ज मंजूर झालेला नाही. तिने त्यावर 'प्रलंबित' असा शिक्का मारला, आणि तो मारताना माझ्याकडे बघून डोळे खाली घातले. नोकरी तूर्त स्थगित आहे. मला राग येतो, आणि तो नेमका कुणाचा हे ठरवता येत नाही. आजोबांचा धरला तर ते ट्रंकेवर बसलेलेच दिसतात, अगदी खुशीत, मग तोही टिकत नाही.

परवा टाचणी घरी आली. दिवाणखान्यात दादा पुस्तकांच्या ढिगात बसला होता. आमच्या घरी ती कायम मागच्या दाराने यायची. या वेळी पुढून आली. बसा म्हटल्यावर बसली नाही.

"गल्लीत लोक वाट्टेल ते बोलतात," ती दादाला म्हणाली. "माप घेताना मला ऐकावं लागतं. काल एकाने तुम्हाला लाचखाऊ म्हटलं. मी सांगून टाकू का सगळं?"

"नको."

"तुम्ही हे माझ्यासाठी सोडलंत का?"

दादा विचार करून बोलतो. आताही त्याने वेळ घेतला. "नाही. एक खोटी शपथ गिळल्यावर मला दुसऱ्याला शपथ देता आली नसती."

"मग त्याच वेळी हरकत घ्यायची. तुम्ही उभे राहिला होतात. मला वाटलं, झालं, पुन्हा फेटाळणार. मी तयार होते."

"हरकत घ्यायलाच उभा राहिलो होतो," दादा म्हणाला. त्याच्या मांडीवर एक पुस्तक उघडं होतं, ते त्याने मिटलं. "नाही जमलं मला."

आमच्या घरातल्या कुणी अमुक गोष्ट जमली नाही असं म्हटलेलं मी तोवर ऐकलं नव्हतं. आजोबांनी नाही, बाबांनी नाही, आणि दादाने तर नाहीच. मला रडू आलं आणि मी ते आवरलं नाही.

टाचणी मात्र रडली नाही. "बरं झालं," ती म्हणाली, आणि ढिगातली दोन पुस्तकं बाजूला सारून त्याच्यासमोर खाली बसली.